संदर्भसूचीतली वर्तुळं

सरांच्या विरोधातलं पत्रक मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे बरं लिहीन त्याला कुणी पश्चात्ताप म्हणेल आणि जे वाईट लिहीन त्याला जुना राग. दोन्ही आहे. लपवत नाही.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात मी एम.एस्सी.ची दोन वर्षं काढली, तिथे. शिकवायचे म्हणजे काय करायचे, तर वाचायला लावायचे. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी आमचे बर्नर बंद करवले आणि कृतीचा कागद एकेकाला मोठ्यानं वाचायला सांगितला. एक मुलगा भराभर वाचून मोकळा झाला. सरांनी विचारलं, "कशात काय ओतायचं?" तो म्हणाला, "ॲसिडमध्ये पाणी." कागदावर बरोबर उलटं होतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, पांढरी झालेली. म्हणाले, "हे माझं न वाचलेलं वाक्य."

बाहेरही तसेच. मंडईजवळच्या औषधाच्या दुकानात मी त्यांना एकदा पाहिलं. गोळ्यांच्या खोक्यातला तो घडीघडीचा बारीक अक्षरांचा कागद उलगडून, काउंटरवर पसरून, उभ्या उभ्या वाचत होते. मागे रांग. दुकानदार म्हणाला, "अहो काका, घरी जाऊन वाचा की."

"घरी वाचल्यावर गोळ्या परत घेणार का?"

"उघडलेलं खोकं परत घेत नाही आम्ही."

"मग इथेच वाचतो."

रांगेतल्या बाई म्हणाल्या, "पूर्ण वाचणार आहात?" सर म्हणाले, "नाही, मधूनमधून वाचतो. म्हणजे मधूनमधून बरा होईन."

हिंजवडीत नोकरीला लागलेला त्यांचा एक विद्यार्थी सांगायचा की कुठल्याही ॲपच्या अटी तो आता शेवटपर्यंत वाचतो आणि टीममधले त्याला 'वकीलसाहेब' म्हणतात. त्याला सगळे हसायचे. मीही हसले आहे.

दर गुरुवारी दुपारी सर वाचन घ्यायचे. अभ्यासक्रमात नसलेलं, हजेरी नसलेलं. एक शोधनिबंध, त्यातला एक परिच्छेद, दोन तास. इंग्रजीत वाचायचा आणि मराठीत सांगायचा. पहिल्या गुरुवारी त्यांनी वर्गातल्या सगळ्यांत फर्ड्या मुलाला उभं केलं. इंग्रजी शाळेतला, घडाघडा वाचणारा. आम्ही मराठी शाळेतली मुलं मान खाली घालून ऐकत होतो.

"छान. काय केलं त्यांनी?"

"सर, ॲडसॉर्प्शनचा स्टडी केला."

"म्हणजे कशात काय टाकलं?"

"सर... बेसिकली स्टडीच केला."

"आपण कधी पोहे करता का?"

"हो सर."

"कसे केले विचारल्यावर 'पोह्यांचा स्टडी केला' असं सांगता?"

मुलगा लाल झाला. सर म्हणाले, "आपल्या तोंडानं वाचलं. आपण कुठे होतात?"

सर चिडले की 'आपण' म्हणायचे. बरे असले की 'तू'. माझ्याकडे वळून त्यांनी 'तू वाच' म्हटलं तेव्हा मी अडखळत, शब्द चुकवत अर्धा परिच्छेद वाचला आणि तीन शब्द कळले नाहीत म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "इंग्रजी अडतं यात तुझा दोष नाही. न कळलेलं कळलं म्हणालीस, तर तो तुझा." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की विज्ञान मलाही करता येईल. शाळेपासून आम्हाला उत्तरं पाठ करवली होती. अपेक्षित प्रश्नसंच, गाइड, झेरॉक्स नोट्स, आणि आता मोबाइलवर दोन सेकंदांत मिळणारा सारांश. पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत एकाही माणसानं आम्हाला एक पान वाचायला शिकवलं नव्हतं. आणि हीच मुलं पुढे संशोधन करणार, औषधं तपासणार, पाणी तपासणार. हा गुन्हा कुणाचा, हे मी तेव्हाही विचारत होते, आजही विचारते. सरांचा नव्हता. एवढं तरी मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता वर्तुळांचं सांगते. प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. कुणाकुणाच्या शोधनिबंधांचा आधार घेतला त्याची. सरांच्या विद्यार्थ्यांनी या यादीत प्रत्येक नोंदीच्या आधी एक वर्तुळ काढायचं. काळं भरलेलं म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. अर्धं भरलेलं म्हणजे काही भाग वाचला. रिकामं म्हणजे वाचलं नाही, दुसऱ्याच्या यादीतून नाव उचललं. हे जगात कुठेही करत नाहीत. बाहेरून येणारे परीक्षक विचारायचे, "ही काय रांगोळी?" विभागप्रमुख म्हणायचे, "तुमच्या पोरांच्या यादीत वीस-पंचवीस नावं, शेजारच्यांच्या दोनशे. कसं दिसतं ते?" सर म्हणायचे, "वीस वाचलेली दिसतात."

रिकाम्या वर्तुळाला ते कधी रागावले नाहीत. खोट्या काळ्या वर्तुळाला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. तिथेच वर्षाताई सापडली.

वर्षाताई त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, वर्ध्याकडची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते. हसताना ती ओठ मिटून हसायची. तिच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. ज्या शाळेत ती शिकली, त्या शाळेतल्या सगळ्यांचे दात तसेच, आणि गावातल्या म्हाताऱ्यांची गुडघ्यातली हाडंही वाकलेली. शेंगांची टरफलं जाळून केलेल्या कोळशानं ते फ्लोराइड काढून घेता येईल का, हा तिचा विषय. तिला पदवीपेक्षा त्या शाळेचा नळ महत्त्वाचा होता. हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर तिनं त्या नळाचा फोटो चिकटवला होता. देवाचा लावतात तसा.

पाचव्या वर्षी प्रबंध लिहून झाला. सर यादी घेऊन बसले. सतराव्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. जुना शोधनिबंध. अशा कोळशावर काम करणारे सगळेच त्याचं नाव देतात. वर्षाताईनं त्यापुढे काळं वर्तुळ काढलं होतं.

"याच्या शेवटच्या पानावर काय आहे?"

खरं असं की तो निबंध नेटवर पूर्ण मिळत नव्हता, फक्त सारांश. पूर्ण अंक दुसऱ्या एका संस्थेच्या ग्रंथालयात, बांधीव खंडात. तिथे जायला मार्गदर्शकाचं पत्र लागायचं, ते सरांनी दिलंही होतं. ती दोनदा गेली. एकदा खंड बांधणीला गेलेला, एकदा ग्रंथपाल रजेवर. मग शिष्यवृत्ती संपली आणि ती सकाळी कात्रजला क्लासमध्ये शिकवायला जायला लागली. वर्तुळ मात्र तिनं काळं केलं.

"आपण हे वाचलेलं नाही," सर म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. सही केली नाही. आठवडे गेले तरी केली नाही.

ती हॉस्टेलच्या गॅलरीत बसून मला म्हणाली, "काहून असं करतेत सर? मले बोलायले तरी पाहिजे होतं." एरवी पुण्यात ती जपून प्रमाण मराठी बोलायची. त्या संध्याकाळी बोलली नाही.

मी तेव्हा विद्यार्थी संघटनेत होते. पत्रकं लिहायची माझ्याकडे. वर्षाताईनं विभागप्रमुखांना पत्र लिहिलं, सरांना प्रत दिली आणि मलाही पाठवलं. व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. मी पहिला उघडला. त्यात सगळं होतं: पाच वर्षं, सहीसाठीच्या चकरा, थांबलेली शिष्यवृत्ती, घरून येणारे फोन. वाचता वाचताच माझ्या डोक्यात मथळा तयार झाला, 'मार्गदर्शक की मालक?' त्याच दुपारी पत्रक छापून आलं. खाली ठळक अक्षरांत: 'अशा मार्गदर्शकाची मान्यता तत्काळ रद्द करा, ही पीडित विद्यार्थिनीची मागणी आहे.'

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर आम्ही ते वाटलं. सर आले. मी त्यांच्याही हातात दिलं, मुद्दाम. ते तिथेच थांबले आणि वाचू लागले. येणारी-जाणारी मुलं त्यांना वळसा घालून जात होती. त्यांनी तळाचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग खिशातून पेन्सिल काढून वाक्यावाक्यापुढे वर्तुळं काढायला लागले. पाच वर्षं, काळं. चकरा, काळं. 'विद्यार्थ्यांना सर्वांसमोर अपमानित करतात' इथे जरा थांबले आणि तेही काळं केलं. शेवटच्या ठळक वाक्यापुढे रिकामं.

"हे तिनं कुठे म्हटलंय?"

"तिच्या पत्रात."

"पत्र किती पानांचं आहे?"

"एक."

"दोन," ते म्हणाले. कागद माझ्या हातात परत दिला आणि वर्गावर गेले.

मी मागून ओरडले, "सर, मुद्दा भरकटवू नका!" टाळ्या पडल्या.

दुसरा फोटो मी रात्री उघडला. वर्षाताईनं लिहिलं होतं: 'सरांना काढू नये अशी विनंती आहे. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, मी तो निबंध वाचला नव्हता. मला फक्त सहा महिन्यांची मुदतवाढ आणि तेवढ्या काळाची शिष्यवृत्ती मिळावी, म्हणजे मी वाचून येईन.'

मागणी सरांविरुद्ध नव्हतीच. विद्यापीठाकडे होती. आणि ती आम्ही लढवू शकलो असतो. आमच्या संघटनेतल्या वरिष्ठाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "गठ्ठे वाटून झालेत. परवा चौकशी समिती बसतेय. आता मागे फिरलो तर आपलं हसं होईल." मी मागे फिरले नाही. समितीसमोर एक शब्द बोलले नाही. सरांची मार्गदर्शक म्हणून मान्यता गेली. आमचा फोटो पेपरात आला.

वर्षाताई मला एवढंच म्हणाली, "अगं, दुसरा फोटो उघडला नसेल तुझ्याकडे. रेंज नसेल." मी हो म्हटलं.

तिला नवे मार्गदर्शक मिळाले. त्यांनी वर्तुळं काढून टाकायला सांगितलं आणि यादीत भर घालायला नावं दिली, तयार, एका पेन ड्राइव्हवर. ग्रंथालयासाठी पत्र मागितलं तर म्हणाले, "वर्षा मॅडम, सबमिट करायचंय ना? की म्हातारं व्हायचंय इथे?" तिनं सबमिट केलं.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. सर आले, शेवटच्या रांगेत बसले. मीही होते. वर्षाताईनं तक्ते दाखवले, कोळसा फ्लोराइड कसं धरून ठेवतो ते सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही?" सरांनी हात वर केला. नवे मार्गदर्शक खुर्चीत सरसावून बसले.

"सतरावा संदर्भ," सर म्हणाले. "यादी वाढलीय, आता नंबर वेगळा असेल. तो निबंध. शेवटच्या पानावर काय आहे?"

वर्षाताईनं हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला. "वाचलेला नाही, सर."

मला वाटलं, संपलं. पाच-सहा वर्षं संपली. अध्यक्ष पुढे झुकले, हसले आणि म्हणाले, "अहो, सगळं वाचत बसलं तर संशोधन कधी करायचं? वाचून घ्या मॅडम सवडीनं." सगळे हसले. दहा मिनिटांत पदवी जाहीर झाली, पेढे फिरले. एका बाईनं भरसभेत खरं सांगितलं आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. मला त्या दिवसाचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

मी सरांना बसस्टॉपवर गाठलं. "सर, तुम्ही वाचलंय ना ते पान?"

"हो."

"काय आहे त्यात?"

"तूही माझ्याकडूनच ऐकणार?"

"मग तिला तरी सांगायचं होतं एका वाक्यात! तिच्या गावच्या शाळेचा प्रश्न आहे."

"सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. वाचलं नसतं." मग ते रस्त्याकडे वळून बस बघू लागले. "आणि शाळेचं काय घेऊन बसलीस? प्रबंध कुणी वाचत नाही. कपाटात जातो. माझाही गेलाय."

त्यांची बस आली. खिडकीशी बसून त्यांनी हात केला की नाही, मला नक्की आठवत नाही.

हे मी त्यांच्या खात्यावर लिहिते, कारण लिहायलाच हवं. त्यांना माहीत होतं आणि ते बोलले नाहीत. स्वतः वाचलं पाहिजे या हट्टापुढे त्यांना शाळेतली पोरं दिसली नाहीत. वाचनाचा एवढा मोठा माणूस, पण एक गोष्ट त्यांनाही समजली नव्हती. लोक न वाचताही प्रबंध वापरतात. वाचत नाहीत म्हणून तर बिनधास्त वापरतात.

पुढच्या दिवाळीत सर गेले. मला कळलं ते त्या हिंजवडीच्या विद्यार्थ्याच्या स्टेटसवरून. आणि त्याच थंडीत वर्षाताईच्या गावच्या शाळेत टरफलांच्या कोळशाचा फिल्टर बसला. कुणा पुढाऱ्याच्या निधीतून, 'गावच्या लेकीचं संशोधन' म्हणून. कुणी तिला विचारलं नव्हतं, नुसतं उद्घाटनाला बोलावलं होतं. ती तोपर्यंत इकडेच तासिका तत्त्वावर शिकवत होती. उद्घाटनाहून परत आली ती थेट माझ्याकडे. "चल माझ्यासोबत. पत्र मिळालंय आमच्या प्राचार्यांचं."

ग्रंथालयातला खंड आता जागेवर होता. मी म्हटलं, "शेवटचं पान काढ ना आधी." तिनं मान हलवली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. फूटपट्टी ओळीखाली धरून, मधेच ओठ हलवत. मी समोर बसून होते. दीड तास लागला. शेवटच्या पानावर ती दोनदा वरून खाली गेली आणि मग मला हळू आवाजात मराठीत सांगितलं. कोळसा फ्लोराइड धरतो, खरंय. पण किती दिवस, ते पाण्यावर असतं. खारवट, क्षार जास्त असलेल्या पाण्यात तो काही दिवसांतच भरतो. भरला की बदलावा लागतो. नाही बदलला तर धरलेलं परत सोडतो, आणि सोडतो तेव्हा मूळ पाण्यात होतं त्यापेक्षा जास्त. "आमचं पाणी खारवटच आहे," ती म्हणाली. "आणि बदलायचा कधी, हे माझ्या प्रबंधात कुठंच नाही."

ती व्हरांड्यात गेली. मुख्याध्यापकांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, मी वर्षा बोलतेय. तो फिल्टर बंद करा. आजच. पाण्याचा नमुना तपासायला पाठवा."

"काहून? चांगलं चाललं ना, मॅडम. पाणी कसं गोड लागते."

"चवीनं नाही कळत, सर. माझी चूक झालीय. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली."

"अहो, असं कसं? वर बोर्ड लावलाय, डॉक्टर वर्षा म्हणून. इतके मोठे लोक येऊन गेले. ते काय न वाचता आले असतील?"

"हो," ती म्हणाली. "न वाचता आले. तुम्ही नळ बंद करा. बोअरचंच द्या तोवर, ते तरी—"

"बघतो मी, समितीत मांडतो. तुम्ही काळजी नका करू, मॅडम. तुमचंच तर आहे ते."

"समिती नको, सर. आत्ता. आत्ता जाऊन नळ—"

पलीकडे मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुख्याध्यापक काहीतरी म्हणाले ते ऐकू आलं नाही, कारण पोरं वर्गातून सुटली होती आणि त्यांचा आवाज नळाच्या दिशेनं पळत जात होता.